जहाजाचा धूर आणि दीपनगरची वीज

भुसावळ सोडून नागपूरच्या रस्त्याने वरणगावकडे निघाले की दीपनगरच्या उंच चिमण्या दिसू लागतात. याच रस्त्याने मुक्ताईनगरकडून येणारे पांढरे कंटेनर भेटतात. त्यांत हिरवी केळी असतात. ती न्हावाशेवा बंदरात जातात आणि तेथून जहाजाने आखातात. दहावीच्या एका वर्गात कार्बनचे चक्र शिकवताना एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, आपल्या चिमणीचा कार्बन डायऑक्साइड भारताच्या खात्यात लिहितात. केळी नेणाऱ्या जहाजालाही चिमणी असते. तिचा कोणाच्या खात्यात लिहितात?"

या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर "कोणाच्याच नाही" असे आहे. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर प्रश्नातली गंमत हातची गेली असती. हा हिशोब आम्ही मुलांबरोबर फळ्यावर मांडत गेलो, तसतसा तो पुन्हा फिरून दीपनगरलाच येऊन पोहोचला. तो कसा, ते या लेखात पाहू.

आधी एक खुलासा. चिमणीतून दिसतो तो धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड नव्हे. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती वाफ, राख आणि काजळी. या लेखात आम्ही 'धूर' हा शब्द सैलपणे, कार्बन डायऑक्साइडसाठीच वापरणार आहोत. वर्गात मात्र हा भेद मुलांकडून वदवून घ्यावा.

एका कंटेनरचा हिशोब

जहाजात जळते ते फर्नेस ऑइलसारखे जड तेल. त्यात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो. कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणजे १ किलो तेल जळले की ०.८५ × ४४ ÷ १२, अर्थात सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जळणाऱ्या वस्तूपेक्षा धूर तिप्पट जड कसा, हे मुलांना नेहमीच कोडे वाटते. वाढलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे, हे कळले की रसायनशास्त्रातले ते समीकरण त्यांना एकदम खरे वाटू लागते.

आता कंटेनरकडे वळू. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला रवाना झाली. माल साधारण एका कंटेनरइतका, वीस-बावीस टन होता. आपण २० टन धरू. रावेर भागातून न्हावाशेवापर्यंतचा रस्ता सुमारे ५०० किलोमीटर. भरलेली मालमोटार लिटरला साडेतीन किलोमीटर चालते असे मानले तर डिझेल लागते १४० लिटर, आणि लिटरमागे २.७ किलो धरून धूर होतो ३८० किलो. (गाडी रिकामी परतते तो हिशोब सोडून दिला आहे.)

न्हावाशेवापासून दुबईचे जेबेल अली बंदर सुमारे २,२०० किलोमीटर आहे. २० टन माल २,२०० किलोमीटर म्हणजे ४४,००० टन-किलोमीटर. कंटेनर जहाजाला दर टन-किलोमीटरला १० ते १५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो असे धरले, तर एकूण ४४० ते ६६० किलो. केळी १३ ते १४ अंशांना थंड ठेवण्यासाठी लागणारी वीज यात धरलेली नाही. ती धरली तर आकडा आणखी वाढतो.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मुलांना पाहू द्यावेत. समुद्रावरचे अंतर रस्त्याच्या चौपटीहून अधिक, आणि धूर मात्र फार तर पावणेदोन पट. तेच अंतर मालमोटारीने काटायचे तर धूर १,६०० किलोच्या पुढे गेला असता. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला सावकाश ढकलायला थोडेच बळ लागते, ही गोष्ट नावाड्यांना कायमच ठाऊक आहे.

मग तक्रार कशाची? तक्रार एकूण आकाराची. जगातल्या व्यापारी मालापैकी वजनाने ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. टनामागे कितीही काटकसर असली तरी वर्षाला हजार कोटी टनांहून अधिक माल हलवायचा म्हटले की बेरीज मोठी होते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२० च्या अभ्यासानुसार, २०१८ मध्ये जहाजांतून सुमारे १०५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. मानवनिर्मित एकूण कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ३ टक्के. जहाजवाहतूक हा एक देश मानला तर तो जगातल्या पहिल्या दहांत बसेल.

काटकसरी माणसाला काटकसर शिकवणे

घरातला उधळ्या माणूस खर्च सहज कमी करू शकतो; आधीच काटकसरीने राहणाऱ्याला ते अवघड जाते. जहाजाचे तसेच आहे. मोठ्या जहाजाचे दोन धावांचे संथगती डिझेल इंजिन तेलातल्या उष्णतेपैकी जवळजवळ निम्म्या भागाचे काम करून दाखवते. दीपनगरला २०१० नंतरच्या दशकात सुरू झालेले ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशावरच्या अशा संचांची कार्यक्षमता साधारण ३५ ते ३८ टक्के असते. म्हणजे इंजिनाच्या बाबतीत जहाज आपल्या वीज केंद्राच्या पुढे आहे. २००६ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'एमा मर्स्क' या जहाजाचे एकटे मुख्य इंजिन सुमारे ८० मेगावॅटचे होते. दीपनगरच्या एका संचाच्या सहाव्या हिश्शाएवढे वीज केंद्रच पाण्यावर फिरत होते म्हणा ना!

इंधनाचीही गोष्ट अशीच. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतल्यावर तळाशी जे उरते ते जहाजे जाळतात. ते इतके घट्ट असते की तापवल्याशिवाय नळीतून वाहत नाही. इतरांना नकोसा असलेला हा गाळ, म्हणून स्वस्त. त्यात गंधकही भरपूर. १ जानेवारी २०२० पासून गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली, आणि बंदरालगतच्या लोकांना त्याचा फायदा झाला. पण गंधकाचे सूक्ष्म कण समुद्रावरचे ढग अधिक उजळ करत आणि थोडे ऊन परत फेकत. ते कण कमी झाल्यावर झाकलेली उष्णता उघडी पडली. किती, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. एक दुरुस्ती करताना दुसरीकडे काय उसवते याचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

इंजिन आणि इंधन दोन्हींत फारसा वाव नसल्यावर उरतो तो वेग. जहाज ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के कमी केला तर शक्ती ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७३ पट होते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तो धरूनही फेरीमागे १९ टक्के तेल वाचते. २००८ च्या मंदीनंतर जहाज कंपन्यांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर केला, अर्थात पृथ्वीच्या काळजीने नव्हे, तेलाच्या बिलाने. याला दोन अडचणी आहेत. जहाजे संथ झाली की तेवढाच माल हलवायला अधिक जहाजे लागतात. आणि माल केळीसारखा असेल तर तो घड्याळाकडे पाहत असतो. आखात जवळ आहे, तिथे अर्धा दिवस उशीर झाला तरी केळी हिरवीच पोहोचतील. पण युरोपचे तसे नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तेव्हा प्रवास हजारो किलोमीटरने लांबला. उशीर भरून काढण्यासाठी काहींनी वेगही वाढवला. एका बातमीने वर्षानुवर्षांची बचत कशी वाहून जाते ते तेव्हा दिसले.

वाऱ्याची मदत घेण्याचे प्रयत्नही पुन्हा सुरू झाले आहेत. जर्मनीचे अँटन फ्लेटनर यांनी १९२० च्या दशकात जहाजावर शिडाऐवजी उंच फिरते नळकांडे बसवून दाखवले होते. फिरकी दिलेला चेंडू हवेत वळतो त्याच कारणाने फिरत्या नळकांड्यावर वाऱ्याचा आडवा रेटा येतो. आज अशी नळकांडी आणि ताठ पंखांसारखी शिडे काही जहाजांवर बसली आहेत. मार्ग अनुकूल असेल तर ५ ते १० टक्के तेल वाचते. कोळसा-धान्य नेणाऱ्या जहाजांना हे सोयीचे. कंटेनर जहाजाच्या पाठीवर मात्र कंटेनरांचेच डोंगर असतात, नळकांडी उभी करायची कुठे?

तेल सोडून काय जाळायचे?

मुलांचे पहिले उत्तर ठरलेले असते: बॅटरी. ते खोडून न काढता हिशोबच करू द्यावा. दिवसाला १०० टन तेल जाळणारे मोठे जहाज घ्या. १ किलो तेलात सुमारे ४० मेगाज्यूल ऊर्जा. त्यातली निम्मी पंख्यापर्यंत पोहोचते. म्हणजे दिवसाला २० लाख मेगाज्यूल. जहाजावर बसवायच्या बॅटरीत किलोला ०.६ मेगाज्यूल मावतात असे धरले, तर एका दिवसासाठी ३,३०० टन बॅटरी लागेल आणि पंधरा दिवसांच्या प्रवासाला ५०,००० टन. नॉर्वेमध्ये 'यारा बिर्कलँड' नावाचे १२० छोट्या कंटेनरांचे जहाज २०२२ पासून बॅटरीवर चालते. किनाऱ्याजवळच्या छोट्या फेरीसाठी ते उत्तम आहे. त्याची सगळी बॅटरी आपल्या जहाजाला दिली तर ते अठरा-वीस मिनिटे चालेल!

दुसरे उत्तर नैसर्गिक वायू. त्यात तेवढ्याच ऊर्जेमागे कार्बन पाव हिश्शाने कमी. पण इंजिनातून न जळता निसटलेला थोडासा मिथेनही हा फायदा खाऊन टाकतो, कारण वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. जैवइंधन चालते, पण तळणीचे उरलेले तेल जगात असे किती गोळा होणार, आणि विमानेही त्याच रांगेत उभी आहेत.

राहिले हायड्रोजन, मिथेनॉल आणि अमोनिया. हायड्रोजन द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश तापमान लागते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकी तेलाच्या साडेचारपट मोठी. मिथेनॉल साध्या टाकीत राहते. २०२३ मध्ये 'लॉरा मर्स्क' हे मिथेनॉलवर चालू शकणारे कंटेनर जहाज सेवेत आले. पण मिथेनॉलच्या रेणूत कार्बन आहेच. तो कचऱ्यातून किंवा हवेतून मिळवला असेल तरच हिशोब जुळतो.

अमोनिया आपल्या ओळखीचा आहे. युरिया त्याच्यापासूनच बनतो. रेणूत एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन, कार्बन नाहीच. उणे ३३ अंशांना तो द्रव होतो, टाकी तेलाच्या तिप्पट लागते. तो विषारी आहे, हे शेतकऱ्याला किंवा खत कारखान्यातल्या कामगाराला सांगायला नको. बंद इंजिनघरात तो गळला तर काय होईल याची खलाशांना वाटणारी भीती अवाजवी नाही. नीट न जळल्यास नायट्रस ऑक्साइड तयार होतो आणि तोही उष्णता अडवणारा वायू आहे. तरीही लांबच्या प्रवासासाठी अनेकांचे लक्ष अमोनियावर आहे.

आता मुख्य प्रश्न. अमोनियातला हायड्रोजन आणायचा कुठून? आज तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड सुटतो. स्वच्छ मार्ग म्हणजे विजेने पाण्याचे विघटन. नववी-दहावीत आपण दोन परीक्षानळ्या उलट्या ठेवून करतो तोच प्रयोग, फक्त कारखान्याच्या मापाने. या मार्गाने १ किलो अमोनियाला सुमारे १० युनिट वीज लागते. १ किलो अमोनियात १८.६ मेगाज्यूल ऊर्जा. म्हणजे १ किलो तेलाच्या बदली २.१५ किलो अमोनिया, आणि त्यासाठी साडेएकवीस युनिट वीज.

ही वीज दीपनगरची असेल तर? कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड धरू. साडेएकवीस युनिटांचे वीस किलो. म्हणजे समुद्रावर ३.१ किलो धूर वाचवण्यासाठी तापीकाठी २० किलो धूर सोडायचा. जहाजाचे धुराडे स्वच्छ दिसेल, बातमीत फोटोही येईल, आणि एकूण धूर सहापटीहून अधिक होईल.

हे उत्तर फळ्यावर आले तेव्हा वर्ग काही क्षण गप्प झाला. आम्हीही झालो. नव्या इंधनांची नावे वेगवेगळी असली तरी त्यातली बहुतेक म्हणजे साठवलेली वीजच आहे. वीज काळी, तर इंधन काळे.

आणि वीज लागणार तरी किती? आपले १०० टनांचे जहाज दिवसाला २१ लाखांहून अधिक युनिट मागेल. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसरात्र चालला तर १ कोटी २० लाख युनिट देतो. त्यात जेमतेम पाच-सहा जहाजे चालतील. जगातली सगळी जहाजे वर्षाला ३० कोटी टनांहून अधिक तेल जाळतात. त्या सगळ्याच्या बदली अमोनिया करायचा तर सहा हजार अब्ज युनिटांहून अधिक वीज लागेल. भारतात वर्षभरात सर्व मार्गांनी मिळून होते त्याच्या तिपटीहून जास्त. आणि ही सारी सौर, पवन, जल किंवा अणुवीज हवी. ज्या सौर पॅनेलची वीज गावातला कोळसा वाचवू शकते, ती आधी जहाजाला द्यावी का, हा प्रश्न त्यातून निघतो. आमचे मत विचाराल तर आधी गावाला. एक युनिट सौर वीज कोळशाच्या विजेच्या जागी आली तर जवळजवळ १ किलो धूर वाचतो. तीच अमोनियात घातली तर दीडशे ग्रॅमच्या आत. मात्र याच कारणाने जहाजांचे काम शून्यावर ठेवावे असे आम्ही म्हणणार नाही. जहाज पंचवीस वर्षे चालते. आज बांधायला घेतलेले जहाज २०५० च्या उंबरठ्यावरही समुद्रात असेल. त्याचे इंजिन कोणते हे आजच ठरते.

खाते कोणाचे, बिल कोणाला

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. जहाजाचा मालक ग्रीसचा, नोंदणी लायबेरियाची किंवा पनामाची, बांधणी कोरियाची, खलाशी रत्नागिरीचा, तेल सिंगापूरला भरलेले आणि माल रावेरचा. धूर कोणाचा? १९९७ च्या क्योटो करारात हा गुंता न सोडवता आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीचे काम लंडनच्या सागरी संघटनेकडे सोपवले गेले. तिने २०१८ मध्ये पहिले धोरण आखले. जुलै २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ध्येय सर्व सदस्य देशांनी मान्य केले. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक धूर सोडणाऱ्या जहाजांकडून पैसे घेण्याच्या आराखड्याला एप्रिल २०२५ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तो पक्का करण्याची वेळ आली तेव्हा अमेरिकेसह काही देशांच्या विरोधानंतर निर्णय एक वर्षाने पुढे ढकलला गेला. युरोपीय संघाने वाट न पाहता २०२४ पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना स्वतःची कार्बन बाजारपेठ लागू केली.

पैसे भरावे लागले तर शेतकऱ्यावर किती भार? आपल्या कंटेनरच्या सागरी प्रवासाला १४० ते २१० किलो तेल लागले. २० टन केळींवर वाटले तर किलोमागे ७ ते १० ग्रॅम. तेल किलोला ५० रुपये धरले तर ३५ ते ५० पैसे. इंधन तिप्पट महागले तर किलोमागे ७० पैसे ते १ रुपया वाढेल. दुबईच्या गिऱ्हाइकाला हे जाणवणारही नाही. पण वाढलेला खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल होतो की बागेतल्या भावातून कापला जातो, हे केळीपट्ट्यात कोणालाही विचारा. दुसरी बाजूही आहे. आखाताच्या बाजारात आपली स्पर्धा फिलिपाईन्स आणि इक्वेडोरच्या केळींशी आहे, आणि त्यांची जहाजे आपल्यापेक्षा कितीतरी लांबून येतात. धुराला किंमत लागली तर आखातात रावेरला फायदा आणि युरोपात तोटा, असे हे विचित्र गणित आहे.

बंदरातली एक गोष्ट येथेच सांगायला हवी. धक्क्याला लागलेले जहाज दिवे, पंप आणि शीत कंटेनरांसाठी आपली छोटी इंजिने चालू ठेवते. ती बंद करून किनाऱ्यावरची वीज जोडावी, असे २०२३ च्या 'हरित सागर' मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. बंदराजवळ राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांसाठी हे नक्कीच चांगले. पण जहाजावरच्या इंजिनातून युनिटमागे ०.६५ ते ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो, आणि भारतीय वीजजाळ्याची सरासरी ०.७ किलोच्या थोडी वरच आहे. तूर्त कार्बनच्या खात्यात काहीच जमा होत नाही. जाळ्यातला कोळशाचा वाटा घटेल तसे होऊ लागेल.

अमोनियासाठी ही रेषा बरीच खाली आहे. ३.१ किलोला साडेएकवीस युनिटांनी भागले की ०.१४५ येतात. युनिटमागे १४५ ग्रॅमपेक्षा कमी धूर असलेली वीज मिळाली तरच अमोनियाचे जहाज तेलाच्या जहाजापेक्षा स्वच्छ ठरेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातल्या विजेचा युनिटमागचा सरासरी कार्बन डायऑक्साइड दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२३-२४ चा आकडा ०.७२७ किलो होता. आम्ही वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यावर खाली ०.१४५ ची लाल रेघ आहे, आणि दर वर्षीचा नवा आकडा नवी दहावी भरते.